शेतातलं ‘जू’ आणि जर्मन ‘योख’: नातं कसं तपासायचं

चाळीसगावकडे बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू. जर्मन त्याला ‘योख’ म्हणतात, डच ‘युक’, इंग्रज ‘योक’. पण नुसत्या कानाला जुळण्यावर नातं ठरवू नका.

आधी आपला शब्द मागे न्या. संस्कृत ‘युग’ म्हणजे जू, आणि जोडीही. प्राकृतात सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, मधला ‘ग’ गळला: युग, जुअ, जू. हाच बदल दुसरीकडे दिसतो का ते पाहा. ‘यंत्र’चं जातं झालं, ‘यव’चा जव. म्हणजे वाट पक्की.

मग पलीकडची बाजू. चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मन-इंग्रजीच्याच कुळातली जुनी भाषा) बायबलात ‘युक’ म्हणजे बैलजोडी. आपल्या ‘युग’चा दुसरा अर्थ तिथे जसाच्या तसा भेटतो, अर्थाचा इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो. ध्वनीसाठी जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली मांडलेला नियम लावा: लॅटिन-संस्कृतातल्या ‘ग’च्या जागी जर्मॅनिक भाषांत (जर्मन, डच, इंग्रजी, गॉथिक यांच्या कुळात) ‘क’ येतो. एका जोडीवर थांबू नका. ‘गो’ आणि इंग्रजी ‘काऊ’ घ्या. लॅटिन ‘आगेर’ म्हणजे शेत, त्याच्यासमोर आपण जमीन मोजतो तो मूळ इंग्रजी ‘एकर’ ठेवा. जर्मनमध्ये पुढे स्वरानंतरचा ‘क’ घासून ‘ख’ झाला, म्हणून ‘योख’.

फसगत होते ती इथे. अंड्यातला पिवळा ‘योक’ वेगळा, त्याचं नातं ‘यलो’शी. जर्मन ‘युंग’ म्हणजे तरुण, तो आपल्या ‘युवन्’चा भाऊबंद. इंग्रजी ‘जॉइन’ ‘युग’च्याच धातूचा, पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणून त्यात ‘क’ नाही. ‘योगा’ तर सरळ संस्कृतातून उचललेला. उसना शब्द पुराव्यात धरला की सगळी मांडणी कोसळते.

अर्थ कुठे कुठे पसरला तेही टिपा. ऑस्ट्रियात ‘योख’ हे जमिनीचं मापही होतं, सुमारे 0.58 हेक्टर: बैलजोडी दिवसभरात नांगरेल एवढं रान. आपण ‘दोन औतांची शेती’ म्हणतो त्याच चालीचं. आल्प्समध्ये दोन शिखरांमधल्या खिंडीलाही ‘योख’च म्हणतात, जसं स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख.

जुवाच्या शिवळा (खुंट्या), जोतं (बैलाच्या गळ्याखालचा पट्टा) यांची नावं मात्र स्वतंत्रपणे तपासा. ‘जोतं’ संस्कृत ‘योक्त्र’पासून आलं, म्हणजे धातू तोच, पण शब्दाची घडण वेगळी.