गिरणीगावाचा इतिहास कसा वाचावा : सॉल्टेअरचे उदाहरण

बेळगावात बसून इंग्लंडमधील एखाद्या लहान औद्योगिक गावाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात मालकाच्या चरित्रापासून न करता नकाशापासून करावी. त्यासाठी यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ असलेले सॉल्टेअर निवडावे. गोकाक फॉल्सची सूतगिरणी आणि तिला लागून असलेली कामगारांची वसाहत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गाव फार परके वाटणार नाही.

नकाशावर आधी पाणी शोधावे. गोकाकची गिरणी घटप्रभेच्या धबधब्यापाशी उभी राहिली ती पाण्याच्या शक्तीसाठी. सॉल्टेअरची गिरणी वाफेवर चालत असे; म्हणून तिथे एअर नदीइतकेच महत्त्व अगदी लगतच्या कालव्याला आणि लोहमार्गाला आहे, कारण कोळसा व लोकर आणणे आणि कापड बाहेर पाठवणे त्यांच्यावरच अवलंबून होते.

मग रस्त्यांची नावे वाचावीत, आणि येथे घाई करू नये. गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी राणी व्हिक्टोरिया, तिचे पती अल्बर्ट, स्वतःची पत्नी कॅरोलाइन, मुले, इतकेच नव्हे तर लॉकवुड आणि मॉसन हे वास्तुविशारद यांचीही नावे रस्त्यांना दिली. गावाचे नावसुद्धा सॉल्ट आणि एअर मिळून झाले आहे. गाव कोणाच्या इच्छेने उभे राहिले, हे या नावांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

यानंतर गावात काय होते आणि काय नव्हते, याची नोंद करावी. १८४९ मध्ये ब्रॅडफर्डला कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा सॉल्ट तिथले महापौर होते. १८५३ मध्ये त्यांची नवी गिरणी सुरू झाली; तिच्याभोवती दगडी घरे, धुण्याची सार्वजनिक सोय, शाळा, दवाखाना, वृद्धांसाठी घरे आणि वाचनालय असलेली संस्था उभी राहिली. दारूचे दुकान मात्र नव्हते. स्वच्छ पाणी देणारा आणि दारूला मनाई करणारा हात एकच होता. माझ्या मते गावाचा स्वभाव या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

शेवटी जनगणना पाहावी. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या व्यक्तिवार नोंदी शंभर वर्षांनी खुल्या होतात. एकच रस्ता घेऊन १८६१ आणि १८८१ मधील रहिवाशांचे व्यवसाय व जन्मस्थळे ताडून पाहावीत.

सॉल्टेअरची गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. २००१ मध्ये गाव जागतिक वारसास्थळ ठरले. गोकाकला जाणाऱ्यांनी हेच प्रश्न तिथल्या निवृत्त कामगारांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, मराठी असो वा कानडी, उतरवून घ्यावीत.