चाळिशीनंतर बॅले: या चुका टाळा

दोन्ही टाचा जुळवायच्या आणि चवडे बाहेर वळवायचे, ही बॅलेची फर्स्ट पोझिशन. पहिल्या दिवशी शिकवतात ती हीच, आणि चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करणाऱ्यांची बरीच दुखणीही इथूनच सुरू होतात. गुडघ्याची आतली बाजू दुखते, तळव्याची कमान खाली बसते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आरशात सरळ रेष दिसावी म्हणून पावलं जबरदस्तीने बाहेर नेलेली असतात.

हे वळण, म्हणजे टर्नआउट, खुब्यातून यायला हवं. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत जेवढं फिरेल तेवढंच पाऊल बाहेर न्यायचं. सराव आणि ताकदीने आहे ते वळण पुरेपूर वापरता येतं, पण मोठेपणी हाडाची ठेवण बदलत नाही. बहुतेकांचं एका पायाचं वळण ४० ते ५० अंशांच्या आसपास भरतं. पुढचे अंश गुडघा आणि घोटा पिळून काढले जातात, आणि गुडघा हा पिळायचा सांधाच नव्हे.

आपली हद्द अशी तपासा. पावलं समांतर ठेवून ताठ उभे राहा. वजन टाचांवर घेऊन चवडे किंचित उचला आणि मांड्या बाहेर फिरवा. गुडघ्यांची तोंडं जिकडे झाली तिकडेच चवडे टेका. आता टाचा न उचलता गुडघे वाकवा. हा डेमी प्लिए. वरून पाहिलं तर गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटावर यायला हवा. तो अंगठ्याच्या आत झुकत असेल किंवा पावलाची आतली कड जमिनीवर दबत असेल, तर चवडे दोन-तीन सेंटिमीटर आत घ्या. वर्गात शेजारची पंचविशीतली मुलगी कितीही वळलेली दिसो, तुमचं माप हेच. पूर्ण खाली बसण्याचा ग्राँ प्लिए पहिले काही महिने सोडून दिला तरी काही अडत नाही. शिक्षकांना सांगून त्याऐवजी दोन डेमी प्लिए करा.

लहानपणी भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्यांना ताल आणि हातांची शिस्त उपयोगी पडते, पण पाय आपटण्याची सवय आड येते. बॅलेत पाऊल आवाज न करता टेकायचं असतं.

बार, म्हणजे आधाराला असलेला आडवा दांडा, घट्ट धरणं ही दुसरी चूक. बारवर हात खांद्याच्या थोडा पुढे, कोपर सैल आणि बोटं नुसती टेकलेली हवीत. हात मागे राहिला की खांदा वर चढतो आणि धड वाकडं होतं. प्रत्येक व्यायामाच्या शेवटी दोन मात्रा हात उचलून पाहा. तोल गेला, तर वजन उभ्या पायावर नव्हतं असं समजा.

तांद्यू, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल जमिनीवरून लांब ताणत नेणं. ते करताना तळव्यात गोळा येतो, कारण बोटं मुठीसारखी आवळली जातात. पाऊल जमिनीवरून घासत न्या. आधी टाच सुटेल, मग चवडा, आणि शेवटी बोटं लांब ताणलेली राहतील.

उड्यांची घाई सगळ्यात महाग पडते. पोटरीचा स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, पण टाचेमागच्या अकिलीज टेंडनला बरेच महिने लागतात. आधी बार धरून दोन्ही पायांवर टाचा उचला, १० वेळा, दोन फेऱ्या. वजन अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मुळावर ठेवा. ते करंगळीकडे गेलं तर घोटा मुरगळतो. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, २० वेळा जमू लागल्यावर छोट्या उड्या घ्या. उतरताना चवडा, मग टाच, आणि गुडघे वाकलेले. घरच्या टाइल्सवर किंवा ग्रॅनाइटवर उड्या मारूच नका, खाली काँक्रीट असतं. योगा मॅटवरही सराव नको. पाऊल चिकटून राहतं आणि पीळ गुडघ्यावर येतो.

बूट चामड्याचे किंवा कॅनव्हासचे, मऊ घ्या. तळ अखंड असला तर सुरुवातीला पावलाला काम जास्त पडतं, म्हणून तोच बरा. माप मोज्यासारखं अंगासरशी हवं. बोटं सरळ राहावीत, पण पुढे रिकामी जागा नको. बूट पावलावर धरून ठेवणारं इलॅस्टिक बहुधा आपणच शिवावं लागतं. बुटाची टाच आत दुमडा, घडीचे दोन कोपरे येतात तिथे पेन्सिलीची खूण करा आणि तिथेच टाके घाला. काठातल्या नाडीतून सुई गेली तर नाडी ओढता येत नाही. पॉइंट शूजचा, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक बुटांचा विचार आत्ता नकोच.

थंड अंगाने ताणणं टाळा. वर्गाआधी पाच-सात मिनिटं भरभर चाला, पाय झुलवा. स्थिर ताण वर्गानंतर, प्रत्येकी ३० सेकंद. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठीची कमान करून पुढे वाकणं वगळा. त्याने मणक्यावर नको तो दाब येतो. गिरकीने गरगरत असेल तर आठवडाभर पाव गिरकीवरच थांबा, नजर एका खुणेवर ठेवा. अंथरुणात कूस बदलतानाही गरगरत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

वर्गानंतर दोन-तीन दिवस मांड्या आणि पोटऱ्या भरून येणं स्वाभाविक आहे. एकाच जागी टोचणारी कळ किंवा गुडघ्याची सूज मात्र अंगावर काढू नका. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाचेमागे आखडत असेल, तर उड्या त्याच दिवशी बंद करा. बारचं काम दुखत नसेल तेवढंच चालू ठेवा आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना बूट सोबत न्या.