राजाराण्यांची फ्रेंच चित्रं अभ्यासाला घेताय?

एमएच्या प्रबंधाला मी 19व्या शतकातली फ्रेंच 'त्रुबादूर' (इतिहासातले प्रसंग गोष्टीसारखे रंगवणाऱ्या शैलीतली) चित्रं घेतली ती खरं सांगायचं तर सोपी वाटली म्हणून, जुने राजे, भरजरी कपडे, खून, रडारड, बघितलं की गोष्ट कळते. तिथेच फसले.

पहिले दोन महिने नुसत्या चुका काढल्या. चित्रकार अँग्रच्या 1818च्या चित्रात लिओनार्दो द विंची फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा याच्या मिठीत प्राण सोडतो, प्रत्यक्षात राजा तिथे नव्हताच. चित्रकार देलारोशची लेडी जेन ग्रे (इंग्लंडची काही दिवसांचीच राणी) अंधाऱ्या खोलीत मरायला बसलीये, 1554 मध्ये तिला मारलं ते टॉवर ऑफ लंडनच्या आवारात, उघड्यावर. (डोळ्यांवर पट्टी बांधून मान ठेवायचा ओंडका चाचपडणं मात्र खरं.) गाइडने चॅप्टर परत दिला, म्हणाले चूक सापडली हो, पण चित्रकाराला असंच का काढावंसं वाटलं ते कुठाय? मग ट्यूब पेटली. चित्र 1833चं, त्याआधी 40 वर्षं याच पॅरिसमध्ये राजाराणीची मुंडकी उडालेली, 1830 मध्ये अजून एका राजाला गादी सोडून पळावं लागलेलं, म्हणजे बघणाऱ्याला जेनच्या जागी मारी आंत्वानेत आठवणारच ना! तेव्हापासून वहीत प्रत्येक चित्रापुढे दोन सालं लिहिते, प्रसंगाचं आणि चित्राचं, तुम्हीपण लिहा.

आणि मापं बघा प्लीज. लॅपटॉपवर सगळी सारखीच दिसतात. जेन ग्रे जवळपास तीन मीटर रुंद आहे आणि त्याच देलारोशचं ड्यूक ऑफ गीझच्या (राजाने मारवलेला फ्रेंच सरदार) खुनाचं चित्र एक मीटरसुद्धा नाही, हे मला पॅरिसजवळच्या शांतीयी गावातल्या म्युझियममध्ये जाऊन उभं राहिल्यावर कळलं. एका कडेला मारेकऱ्यांचा घोळका, पडद्याआडून डोकावणारा राजा, पार दुसऱ्या टोकाला प्रेत, आणि मधे नुसती रिकामी जमीन, मी तिच्याकडेच बघत बसले होते. ते म्युझियम चित्रं बाहेर देत नाही, संग्रह देणाऱ्याच्या मृत्युपत्रातली अटच आहे तशी, त्यामुळे प्रदर्शनात येईल म्हणून थांबू नका, पॅरिसहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता.

फ्रेंच वाचण्यापुरतं तरी शिकाच. सलोनच्या (पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या) कॅटलॉगमध्ये बऱ्याच चित्रांखाली प्रसंगाची गोष्ट छापलेली असायची, लोक ती वाचून चित्र बघायचे, ते कॅटलॉग फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर फुकट आहेत.

सुरुवात चित्रकार रिशारच्या 1802च्या व्हॅलेंटिनपासून (ऑर्लेआँच्या ड्यूकची बायको) करा, नवऱ्याच्या खुनानंतर खिडकीशी बसून रडणारी, हिरव्या पडद्यातून झिरपणारा उजेड. ते रशियात हर्मिटाज म्युझियमला आहे. माझं बजेट शांतीयीपर्यंतच होतं, त्यामुळे तो हिरवा नेमका कसा दिसतो ते मी अजून फोटोतच बघतेय.