ट्रेंडिंग शब्दाची नोंद करताय? या चुका टाळा

‘गॅसलाइटिंग : मानसिक छळाचा एक प्रकार.’

सगळ्यांनी मिळून लिहायच्या एका ऑनलाइन शब्दकोशातली ही माझी पहिली नोंद. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती उलटवली, म्हणजे काढून टाकली आणि चर्चापानावर एवढंच लिहिलं : ‘सासूचे टोमणे हाही मानसिक छळाचा एक प्रकारच की!’ राग आला. पण तो माणूस बरोबर होता. मी शब्दाची जात सांगितली होती, लक्षण नाही. ‘आंबा म्हणजे एक फळ’ यातली गत.

या शब्दामागे पॅट्रिक हॅमिल्टन यांचं १९३८चं ‘गॅस लाइट’ हे नाटक आहे. घरातले गॅसचे दिवे मंदावताना बायकोला दिसतात आणि नवरा तिलाच वेडी ठरवू पाहतो. यातलं नेमकं लक्षण उचललं की व्याख्या होते : ‘समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर आणि समजुतीवर शंका यावी, असं त्याच्याशी सतत वागणं.’ टोमणे आपोआप बाहेर पडतात. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोश-प्रकाशकाने २०२२ साली हा ‘वर्षाचा शब्द’ निवडला. तोवर लोक साध्या थापेलाही गॅसलाइटिंग म्हणू लागले होते. तसा वापर खरोखर रुळला असेल, तर तो क्रमांक २ चा अर्थ म्हणून द्यावा. पहिल्या अर्थात कालवू नये.

व्याख्या तपासायची सोपी युक्ती : शब्द झाकून फक्त व्याख्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्याला तीन वेगवेगळे शब्द सुचले, तर व्याख्या सैल आहे.

प्रतिशब्द देऊन मोकळं होणं

ही आपली खास मराठी चूक. ‘इन्फ्लुएन्सर : प्रभावक.’ झालं काम! पण ज्याला इन्फ्लुएन्सर कळत नाही, त्याला प्रभावक काय कळणार? आधी सांगा की समाजमाध्यमांवर अनुयायी जमवून त्यांच्या आवडीनिवडीवर, खरेदीवर परिणाम करणारी ही व्यक्ती असते आणि त्यातून ती बऱ्याचदा पैसेही कमावते. प्रतिशब्द मग वेगळ्या ओळीत.

स्वतः घडवलेला शब्द ‘प्रचलित’ म्हणून घुसडण्याचा मोहही आवरा. सावरकरांचा ‘महापौर’ रुळला तो लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी वापरला म्हणून, कोशात होता म्हणून नाही. उलट फेसबुकला ‘चेपू’ आणि व्हॉट्सॲपला ‘कायप्पा’ हे आंतरजालावरच्या मराठी मंडळींनी गमतीत पाडलेले शब्द खरोखर वापरात दिसतात, म्हणून त्यांना जागा आहे. फक्त ‘विनोदी’ ही खूण हवी.

एका व्हायरल पोस्टवर नोंद उभी करणं

२००२ पासून चालू असलेल्या इंग्रजी विक्शनरीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन कोशाचा, ठोकताळा इथे उपयोगी पडतो : शब्द एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन ठिकाणी वापरलेला हवा आणि त्या वापरांत वर्षभराचं तरी अंतर हवं. अगदी ताज्या, जोरात चाललेल्या शब्दांना तात्पुरती सूट मिळते, पण नोंदीवर तशी खूण असते. आणखी एक बारकावा : वापर वेगळा, उल्लेख वेगळा. ‘रिझ म्हणजे काय रे भाऊ?’ हा मथळा पुरावा नाही, तो उल्लेख झाला. ‘त्याच्यात रिझच नाही’ (म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी नाही) हा वापर.

१९९९ साली सुरू झालेल्या अर्बन डिक्शनरीत मात्र कुणीही अर्थ लिहावा आणि लोकांनी मतं द्यावीत असा मामला आहे. तिथे विनोद जिंकतो. वाचायला मजा येते, पण तिथला अर्थ उचलून आपल्या कोशात डकवू नका.

शब्दाच्या पोटातली फसवणूक किंवा आरोप तसाच उचलणं

‘डिजिटल अरेस्ट : व्हिडिओ कॉलवरून केलेली अटक.’ शब्दशः बरोबर वाटणारी ही व्याख्या घातक आहे, कारण भामट्यांना लोकांनी नेमकं हेच समजायला हवं असतं. अशी अटक कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं. व्याख्येची सुरुवातच ‘फसवणुकीचा एक प्रकार’ अशी हवी. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी, कॉल बंद न करण्याची धमकी, पैशांची मागणी हे सगळं पुढे.

‘खोके’चं तसंच. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२च्या सत्तांतरानंतर विरोधकांच्या ‘पन्नास खोके’ या घोषणेने तो घराघरात पोचला. नोंदीत आधी आकड्याचा अर्थ द्या, मग घोषणा कुणी, कधी, कुणावर आरोप म्हणून दिली ते. ‘गद्दारीचा मोबदला’ असं लिहिलंत की ती व्याख्या राहत नाही, घोषणेचीच पुढची ओळ होते.

लिंग न सांगणं

इंग्रजी कोशाची नक्कल केली की हे हमखास राहतं. ‘रील बघितली’ की ‘रील बघितलं’? मराठीत दोऱ्याचं आणि सिनेमाचं ‘रीळ’ आधीपासून आहे. ते नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन रिळं. मोबाइलवरची रील मात्र अनेकांच्या तोंडी ‘ती’ झाली आहे आणि अनेकवचनात ती ‘रील्स’ म्हणून इंग्रजीचं शेपूट घेऊन येते. ‘मीम’ तर तो, ती, ते अशा तिन्ही रूपांत ऐकू येतो. (ऐकू येतो की येतं? बघा, मीही अडकलो.) अशा वेळी स्वतःच्या घरात बोलतात तेच प्रमाण धरू नका. आढळणारी लिंगं द्या आणि प्रत्येकाला एक वाक्य जोडा. क्रियापदांचंही पाहा : ‘ट्रोल करणे’, ‘ट्रोल होणे’, ‘व्हायरल होणे’. यातलं करणे-होणे दिलं नाही, तर शब्द मराठीत चालतो कसा हे कळत नाही.

‘नोंद केली, पण शोधात सापडतच नाही!’

बहुतेक वेळा दोष ‘ॲ’चा. हे अक्षर दोन प्रकारे टंकलं जातं : एकसंध ‘ॲ’, किंवा ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. त्यामुळे एका ‘ॲप’ची दोन पानं तयार होतात. एकच रूप ठेवा आणि दुसऱ्याचं पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते शोधणारा आपोआप पहिल्या पानावर येईल. डिजिटल-डिजीटल, व्हायरल-वायरल यांनाही तोच उपाय.

कोशावरून कोश

१९३४च्या वेब्स्टर कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापून आला. मुळात ते ‘D or d’, म्हणजे कॅपिटल किंवा लहान ‘डी’ हे घनतेचं (density) लघुरूप असल्याचं टिपण होतं. चुकून त्यातली अक्षरं जोडून शब्द वाचला गेला. १९३९ साली कुणाच्या तरी लक्षात आलं, कारण त्याची व्युत्पत्ती दिलेली नव्हती. आता अशी चूक एका ऑनलाइन कोशातून दुसऱ्यात, तिथून बातमीत आणि बातमीचा ‘संदर्भ’ म्हणून परत पहिल्या कोशात येऊ शकते. बातमी नोंदीच्या आधीची की नंतरची, हे पानाच्या ‘इतिहास’मध्ये तारखा लावून पाहा.

तिथेच असताना ‘नुकताच’, ‘सध्या’, ‘आजकाल’ हे शब्दही शोधा. ‘सध्या तरुणाईत लोकप्रिय’ हे वाक्य कधी लिहिलं, ते वाचणाऱ्याला कसं कळणार? त्या जागी साल टाका. माझ्याच जुन्या नोंदींत असे ‘सध्या’ अजून पडून आहेत, रविवारी तेवढे निवडायला बसायचंय.