समुद्रातली लपाछपी बघायची? आधी मासेबाजारात चला

ओहोटीला खडकांतली डबकी बघायला माझ्याबरोबर येणाऱ्याला मी आदल्या दिवशी मासेबाजारात नेते. नजर तिथे तयार होते, शिवाय रात्रीच्या कालवणाचीही सोय होते.

आधी बांगडा घ्या हातात. पाठ निळी-हिरवी, तिच्यावर गडद रेघा, पोट चंदेरी. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला ती पाठ गडद पाण्यात दिसत नाही; खालून येणाऱ्या मोठ्या माशाला ते पोट वरच्या उजेडात सापडत नाही. मग लेप हा चपटा मासा उलटसुलट करून पाहा. एक बाजू मातकट, दुसरी पांढरी, दोन्ही डोळे मातकट बाजूला. पिल्लाचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत पलीकडे जातो आणि मासा तळाशी कायमचा आडवा होतो. वाळूला टेकणाऱ्या बाजूला रंग हवाय कुणाला!

खरी मजा माकुलात, म्हणजे स्क्विडमध्ये. अगदी ताजं असेल तर मेल्यावरही त्याच्या कातडीवरचे तपकिरी ठिपके लहान-मोठे होत राहतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची इवलीशी पिशवी, भोवती स्नायू. स्नायू आखडले की पिशवी ताणून पसरते, सैल पडले की पुन्हा टिंब. हुकूम मज्जातंतूंवरून येतो, म्हणून जिवंत माकूल डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग बदलतं. आणि बहुतेक माकुलांना स्वतःला रंग ओळखता येत नाहीत! मी एकदा बोट लावून ठिपके बघत इतका वेळ उभी राहिले की मासेवाल्या मावशी म्हणाल्या, "घ्यायचं तर घे, नायतर बाजूला हो."

आता किनारा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं. मुंबईत तेव्हा साधारण सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी वळलं की निघा. पायात घट्ट बूट हवेत, कालवांच्या कडा चपलेला जुमानत नाहीत.

एकच डबकं निवडा. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा आणि पाच मिनिटं गप्प राहा. रंग शोधू नका, रंगानेच तर फसवलंय. डोळा शोधा, श्वास शोधा. वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर भाची म्हणाली, "मावशी, हा दगड श्वास घेतोय." शेवाळी, खडबडीत दगडाच्या कुशीत एक भोक उघडत-मिटत होतं. ऑक्टोपस! त्याने रंगच नव्हे, कातडीचा खडबडीतपणाही दगडाचा उचलला होता.

उलट, एखादा जीव भडक रंगात बिनधास्त बसलेला दिसला तर हात मागे घ्या. कवच नसलेल्या काही रंगीत गोगलगायी समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे, डंख मारणारे प्राणी) खाऊन त्यांच्याच डंखपेशी अंगावर बाळगतात. रंग हा शिकाऱ्याला इशारा असतो. नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख तर मुळीच उचलू नका, आत विषारी डंख असू शकतो. दगड उलटला असेल तर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

त्या ऑक्टोपसशेजारी मी डब्याची पिशवी टेकवणारच होते.