आठवी ते दहावी: गळती थांबवायची तर आधी हजेरीपट वाचा

मूल शाळा सोडतं ते एका दिवसात नाही. नाव कमी होण्याच्या चार-सहा महिने आधी ते हजेरीपटावर दिसायला लागलेलं असतं. ऊसतोड, वीटभट्टी, शेतमजुरी किंवा हातगाडीवर जगणाऱ्या घरांतली मुलं ज्या माध्यमिक शाळांत येतात, तिथल्या वर्गशिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी काय करायचं, ते इथे क्रमानं मांडलं आहे.

जून महिना सांभाळा

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच हात धरतो. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीनंतर बंद, मोफत पुस्तकंही बंद. जिल्हा परिषदेची शाळा चौथी, सातवी किंवा आठवीला संपते आणि पुढची शाळा पाच-सहा किलोमीटरवर असते. त्यातच चौदा वर्षांचं पोर घरच्यांना कामाचं दिसायला लागतं. एवढं सगळं एकाच जूनमध्ये घडतं आणि त्याच महिन्यात मूल कोणत्याच शाळेचं नसतं. जुनी शाळा म्हणते दाखला नेला, नवी म्हणते आमच्याकडे आलंच नाही.

म्हणून शेवटच्या वर्गाच्या शिक्षकानं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक वही करावी. मुलाचं नाव, पुढची शाळा, जायचं साधन, घरातला नक्की लागणारा मोबाईल आणि प्रवेशाला सोबत कोण जाणार, असे पाच रकाने पुरेत. ‘सोबत कोण’ हा रकाना कोरा राहिला तर ते मूल धोक्यात आहे असं समजा. दाखला अडवून ठेवू नये, पण पोराच्या हातात देऊन मोकळंही होऊ नये. पुढच्या शाळेनं सरल या विद्यार्थी-नोंदीच्या ऑनलाइन सरकारी प्रणालीवरून मागणी करावी आणि तुम्ही ती लगेच मंजूर करावी, हा रस्ता सुरक्षित. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी पुढच्या शाळेत फोन करून वहीतलं एकेक नाव विचारा. जे पटावर नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जा. जुलै उलटला आणि पोराच्या हातात पहिली मजुरी पडली की त्याला परत आणायला दुप्पट कष्ट पडतात.

गैरहजेरी कशी वाचायची

महिन्याच्या शेवटी टक्केवारी काढून पट मिटू नका. ऐंशी टक्के हजेरीचं मूल धोक्यात असू शकतं आणि सत्तर टक्क्यांचं नुसतं तापानं पडलेलं असू शकतं. दिवस कोणते चुकले ते पाहा. महिन्यात तीन दिवस विनाकारण चुकले की त्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. लागोपाठ दोन महिने रेघ आली तर घरी जा.

दर आठवड्याला नेमका बाजाराचाच दिवस चुकत असेल तर पोरगा हमाली करतोय किंवा भाजीच्या पालावर बसतोय. मुलगी दर महिन्याला सलग तीन-चार दिवस येत नसेल तर आधी शाळेच्या शौचालयात जाऊन पाहा: नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. हे खर्चाचं काम नाही, आणि याइतका लवकर गुण दुसऱ्या कशानं येत नाही. सोमवार ते शनिवार उशिरा येणारी मुलं एकाच गावची असतील तर दोष एसटीच्या वेळेचा आहे. मुलांची गाववार यादी जोडून आगारप्रमुखांना पत्र द्या आणि बस बदलेपर्यंत परिपाठ पंधरा मिनिटं पुढे ढकला. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. तो जूनमध्ये शाळेनंच एकगठ्ठा काढून घ्यावा. मुलग्यांना सवलतीच्या पासाचे पैसे भरावे लागतात, आणि त्या पैशांपायी घरी बसणारी पोरं असतात.

मधल्या सुट्टीनंतर दप्तर घेऊन गायब होणारा पोरगा बहुतेक वेळा वाचनात अडलेला असतो. ‘असर’ या प्रथम संस्थेच्या शैक्षणिक पाहणीत २०२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात नववीतल्या प्रत्येकाकडून एक साधा परिच्छेद एकट्याला बसवून वाचून घ्या. अडणाऱ्यांना शाळा भरण्याआधी रोज पाऊण तास, दहा आठवडे बसवा. नववीच्या पोराच्या हातात दुसरीचं पुस्तक देऊ नका, तो दुसऱ्या दिवशी यायचा नाही. वर्तमानपत्रातली गावाकडची बातमी, खताच्या पोत्यावरच्या सूचना, एसटीचं वेळापत्रक द्या. अक्षरं तीच असतात आणि मान खाली जात नाही.

ऊसतोडीला जाणारी घरं

टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळंच जातं. यादी दसऱ्याच्या आधी करा. कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारी कोणती जोडी, कोणत्या कारखान्याला जाणार हे टोळी जमवणाऱ्या मुकादमाला पक्कं माहीत असतं, त्याच्याकडून उतरवून घ्या. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह मागता येतं, पण प्रस्ताव टोळी निघण्याआधी गेला पाहिजे. नववी-दहावीसाठी तालुक्याचं समाजकल्याणचं वसतिगृह किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा वसतिगृह बघावं लागतं. तिथले अर्ज आधीच सुरू होतात, त्यामुळे कागद उन्हाळ्यातच जमवा. मूल गेलंच तर शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) देऊन पाठवा, कारखान्याजवळच्या शाळेचा फोन मिळवा आणि इथलं नाव कमी करू नका.

घरी जायचं ते संध्याकाळी सातनंतर, चूल पेटलेली असताना. पहिल्या भेटीला सरपंच, ग्रामसेवक कोणी नको. ‘पोराला शाळेत का पाठवत नाही’ असं विचारलं की बोलणं तिथंच संपतं. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली, मागं कोण राहणार, आजीला दोन माणसांचं रांधणं जमेल का, हे विचारा. निर्णय पुष्कळदा आजीच्या तब्येतीवर ठरतो.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीला मिळते. म्हणून टोळी निघण्याआधी मुलींची लग्नं उरकण्याची घाई होते. नववीतली मुलगी अचानक गप्प झाली, मैत्रिणींना वह्या वाटून टाकू लागली, तर त्याच दिवशी आईला भेटा. पत्रिका छापली गेली असेल तर ग्रामसेवकाला कळवा, ग्रामीण भागात तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. नाहीतर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. खबर देणाऱ्याचं नाव कुठेही बोलू नका, विशेषतः ती वर्गातली मैत्रीण असेल तर.

पैसे आणि कागद

आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला बसवा. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत या मुख्य अटी आहेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पैसे अडतात ते बहुधा आधारवरच्या आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून, किंवा दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जातं म्हणून. नाव-जन्मतारखेची दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत सोपी असते. विमुक्त-भटक्या घरांकडे जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीचा पुरावा सहसा नसतो. जुन्या शाळांच्या रजिस्टरात आजोबा, चुलत आजोबा यांची नोंद शोधून देणं हे शाळेनं हौसेनं करावं असं काम आहे.

नापास झाल्यावर

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीत अडवणं किंवा ‘१७ नंबर भर’ (बाहेरून परीक्षेला बस) म्हणून वाटेला लावणं हे गळतीचंच दुसरं नाव आहे. १७ नंबरचा फॉर्म शाळा आधीच सुटलेल्यांसाठी आहे: वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास. दहावीत नापास झालेल्यांच्या घरी निकालानंतर दोन दिवसांत जा. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची मुदत लवकर संपते. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं.

आणि जे मूल परत येईल, त्याला पहिल्या दिवशी वर्गासमोर उभं करून कौतुकही करू नका आणि जाबही विचारू नका. जुना दोस्त असेल त्या बाकावर बसवा, चुकलेल्या धड्यांच्या वह्या आधीच कुणाकडून तरी लिहून ठेवा, आणि त्या आठवड्यात गणिताची चाचणी ठेवू नका.