घरचं सामान परदेशात पाठवताय? कस्टमच्या कागदांत या चुका टाळा

मे महिना संपत आला की माझा फोन सुरू होतो. "दादा, पोराचा व्हिसा आलाय, थोडं घरचं सामान बोटीनं पाठवायचंय, कागदाचं काय विशेष नसतंय न्हवं?" मी अकरा वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंगवाल्याकडे, म्हणजे कस्टममधनं माल सोडवून देणाऱ्याकडे, फायली घेऊन पळालोय, आता सांगलीत विश्रामबागला घरीच बसून लोकांचे कागद बघून देतो, आणि एवढ्या वर्षांत 'काय विशेष नसतंय' म्हणणारा एकही माणूस मला सुखानं सुटलेला आठवत नाही. सगळ्यांचं अडतंय त्याच चार-पाच जागी. म्हणून एकदाच लिहून काढतोय, फोनवर घसा कोरडा करायचा आता कंटाळा आलाय.

द्राक्षाचे बॉक्स

तासगाव भागातलं एक जोडपं ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. चुलत्याची द्राक्षबाग, त्यामुळं घरात रिकाम्या पुठ्ठ्याच्या बॉक्सना तोटा नाही. मजबूत बॉक्स, फुकटचे, मग काय, सगळा संसार त्यातच भरला. अडतीस बॉक्स. आता कल्पना करा, कागदावर लिहिलंय 'युज्ड हाऊसहोल्ड गुड्स, ३८ कार्टन' आणि सीएफएसच्या, म्हणजे बोटीवर चढण्याआधी माल ठेवतात-तपासतात त्या गोदामाच्या, शेडमध्ये जे उभं आहे त्याच्या चारी बाजूंना हिरव्यागार घडाचं चित्र आणि 'फ्रेश टेबल ग्रेप्स'. कस्टमच्या साहेबांनी बॉक्सकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि म्हणाले उघडा. पहिल्यात पुस्तकं. दुसऱ्यात पुरणयंत्र आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याला चिकटलेलं वाळकं द्राक्षाचं पान. मग म्हणाले सगळेच उघडा.

मला फोन आला तो त्या शेडमधून. तोपर्यंत त्यांचे कागद माझ्याकडे नव्हतेच, एका एजंटनं केलेले. मी म्हटलं एक लक्षात घ्या, आज इथं उघडलं ते नशीब समजा, कारण फळं, भाजी, मटण किंवा अंडी ज्यात होती असे जुने बॉक्स ऑस्ट्रेलियाला चालतच नाहीत, तिथली बायोसिक्युरिटी (बाहेरची कीड-रोग आत येऊ नयेत म्हणून तपासणारं खातं) तुमच्या खर्चानं त्याचं काय ते करते आणि तिथला मजुरीचा दर तासगावचा नसतो. शेवटी तिथंच नवे कोरे बॉक्स विकत घेतले, हमालांनी सामान हलवलं, आणि हमालाला काय माहीत कुठलं कशात होतं, त्यानं हाताला येईल ते भरलं. म्हणजे आधीची बॉक्सवार यादी गेली कचऱ्यात. बोट चुकली. पुढची मिळेपर्यंत शेडचं भाडं चालू.

फुकटच्या बॉक्सपायी एवढं झालं! आणि तरी दर सीझनला कोणतरी विचारतंच, "आतून नवी बॅग घातली तर चालंल का?" नाही चालंल. कोरा बॉक्स घ्या. गवत, पेंढा, उसाचं पाचट काचसामानाला लावू नका, वर्तमानपत्र किंवा बबल रॅप लावा.

लाकडी क्रेट वखारीतनं ठोकून आणणार असाल तर आधी शिक्का विचारा. गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि शेजारी 'एचटी' अक्षरं, म्हणजे ते लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलंय. आयएसपीएम १५ म्हणतात त्या आंतरराष्ट्रीय नियमाला. वखारवाला म्हणंल "लाकूड वाळलेलंच हाय की", वाळलेलं असू दे, शिक्का नाही तर क्रेट नाही. शिक्का मिळत नसेल तर प्लायवूडचा क्रेट करा, प्लायवूडला तो नियम लागत नाही.

यादी

यादी ही माझी दुखरी नस आहे. 'किचन आयटम्स', 'मिसलेनियस', 'ओल्ड क्लोद्स अँड अदर्स' हे लिहून आणतात आणि वर म्हणतात सगळं कव्हर झालं. कव्हर नाही, तुम्ही साहेबांना बॉक्स उघडायचं आमंत्रण दिलंय. एकानं तर इंटरनेटवरची तयार यादी जशीच्या तशी उतरवून खाली सही ठोकून आणली, त्यात 'स्की बूट, दोन जोड' होते. सांगलीतून. स्की बूट. मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

माझी पद्धत अशी आहे, ती बरोबरच आहे असं नाही, पण मला तीच जमते. एक फुलस्केप वही, दोन माणसं. एक भरतो आणि मोठ्यानं बोलतो, दुसरा लिहितो. बॉक्स नंबर, वस्तू, किती नग, कधी घेतली, आज विकली तर किती येतील. टेप मारायच्या आधी लिहिणाऱ्यानं पान वाचून दाखवायचं, मगच टेप. बॉक्सवर '७/४२' असा नंबर तीन बाजूंना. रात्री जेवल्यावर ते पान कॉम्प्युटरवर चढवायचं, दुसऱ्या दिवशीवर ढकलायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी कोणतरी 'हे एवढं राहिलं होतं' म्हणून सात नंबर उघडतंच.

आणि आपल्या वस्तूंची नावं समोरच्याला कळतील अशी लिहा. 'सोऱ्या' लिहून उपयोग नाही. पितळेची जाड नळी, आत दट्ट्या, एक्स-रेमध्ये काय दिसत असेल तुम्हीच विचार करा. 'ब्रास हँड प्रेस फॉर स्नॅक्स, युज्ड' लिहा आणि फोटो काढून ठेवा. पाटा-वरवंटा नेणार असाल, नेतात हो लोक अजून, तर ब्रशनं घासून धुवा, टाकीच्या खाचांत माती राहते. बागेतली खुरपी आणि चिखलाचे बूट तर नेऊच नका.

कोऱ्या फॉर्मवर सही

ही दुसरी दुखरी नस. एजंट म्हणतो, "काकू, तुम्ही फक्त इथं इथं सही करा, बाकी आम्ही बघतो." आणि माणसं करतात! बँकेत दोनशे रुपयांच्या स्लिपवर तीनदा विचारणारी माणसं इथं चार कोऱ्या पानांवर सही करून मोकळी होतात.

मिरजेतल्या एक गाणं शिकवणाऱ्या काकू मुलाकडं ऑकलंडला निघाल्या. तानपुरा अर्थातच बरोबर, मिरजेतच केलेला, तीस वर्षांचा. (मिरजेच्या तानपुऱ्याला आता जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळालाय, पण कस्टमला त्याचं कौतुक नसतं.) यादीत एका ओळीत 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट, १'. न्यूझीलंडच्या फॉर्ममध्ये झाडाझुडपापासून, लाकडापासून बनलेलं काही आहे का असं विचारतात, तिथं एजंटच्या पोरानं सगळीकडं 'नो' ओढलं, खाली काकूंची सही आधीच. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तानपुऱ्याचा तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो तो. झाडाचंच की ते!

तिकडच्या इन्स्पेक्टरनं तुंबा हातात घेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. वाळक्या गराचा तुकडा असेल किंवा बी असेल. पण कागदावर 'नो' आणि हातात खुळखुळणारा भोपळा, मग त्यानं उरलेल्या बॉक्सवर तरी का विश्वास ठेवावा? सगळं सामान तपासणीला. तानपुऱ्यासाठी पर्याय दिले ते असे, फ्युमिगेशन (कीड मारायला औषधाची धुरी) करा, नाहीतर परत पाठवा, नाहीतर आम्ही नष्ट करतो, तिन्हीचा खर्च तुमचा. काकूंनी फ्युमिगेशन निवडलं. सहा आठवडे गेले. मुलाचा फोन आला तेव्हा मागनं काकूंचा आवाज येत होता, "अरे पण मी कुठं नाही म्हटलं होतं?" म्हटलं नव्हतं, सही केली होती.

आता माझ्याकडे तानपुरा किंवा सतार आली की मी आधी कारागिराकडे पाठवतो. आत काही सुटलंय का, भुंग्यानं भोक पाडलंय का, घोडी कशाची आहे. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत किंवा सांबरशिंग असू शकतं आणि ते असेल तर विषय वेगळाच, वन्यजीव कायदा. काढून लाकडाची किंवा फायबरची घोडी बसवून घ्या, आणि कारागिराकडून कशाकशाचं वाद्य आहे ते लेटरहेडवर लिहून घ्या. यादीत 'तानपुरा, वुड बॉडी, ड्राइड गोर्ड रेझोनेटर' आणि फॉर्मवर सरळ 'येस'. 'येस' लिहिलं तर बघतात आणि बहुतेक वेळा सोडतात. लोकांना ह्या 'येस'ची एवढी भीती का वाटते मला कळलेलं नाही.

किंमत

शून्य लिहू नका. 'नो कमर्शियल व्हॅल्यू' लिहिलं तरी शेजारी आकडा लागतो. याउलट गंमत म्हणजे हाच माणूस इन्शुरन्सच्या फॉर्मवर सहा लाख लिहितो आणि कस्टमच्या फॉर्मवर वीस हजार, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत. इन्शुरन्सला नवीन घ्यायला किती लागतील ते लिहितात, कस्टमला आजची जुन्या मालाची किंमत, त्यामुळं फरक असणारच, पण तो तोंडानं सांगता येईल एवढा असावा.

नव्या वस्तू जुन्या म्हणून घालणं हा दुसरा शॉर्टकट. अमेरिकेला वर्षभर वापरलेलं सामान ड्युटी फ्री, ब्रिटनला सहा महिने, ऑस्ट्रेलियाला बारा महिने. मिक्सर थर्माकोलसकट आणि भांड्यावर स्टिकर तसंच, आणि लिहिलंय 'युज्ड'! नवं असेल तर नवं लिहा, बिल लावा, जी काय ड्युटी असेल ती भरा. आपल्याकडे भांड्यावर नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे ती इथं खरोखर कामाला येते. लग्नातल्या डब्यावर 'दि. १२-५-२०१४' कोरलेलं असेल तर जवळून फोटो काढून फायलीत लावा. मी लावतो. अंक मराठीत असले तर शेजारी इंग्रजीत लिहून देतो.

देशादेशाचं

ब्रिटनला जाणाऱ्यांनी ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा, म्हणजे तिकडं राहायला जातोय म्हणून सामानावर सूट मागायचा, अर्ज सामान बोटीवर चढायच्या आधी करायचा आणि तिथल्या कस्टमनं दिलेला नंबर हातात घ्यायचा, नाहीतर ड्युटी आणि वर २० टक्के व्हॅट. अमेरिकेला कस्टमचा फॉर्म ३२९९, आणि माल बोटीवर चढायच्या २४ तास आधी आयएसएफ (मालाची आगाऊ माहिती तिथल्या कस्टमला कळवायची नोंद) फाईल झालंय का हे फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याला, स्वतः विचारा, तो आपणहून सांगेल ह्या भरवशावर राहू नका. कॅनडाला पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, जाणारे सगळ्यात जास्त फसतात, कारण पहिल्यांदा विमानतळावर उतरता तेव्हाच 'मागून येणाऱ्या' सामानाची यादी दाखवून बीएसएफ१८६ नावाच्या फॉर्मवर नोंद करून घ्यावी लागते. त्या दिवशी हातात एकच बॅग असते, झोप नसते, माणूस सरळ बाहेर पडतो. तीन महिन्यांनी सामान येतं आणि मग मला सांगलीला रात्री दोन वाजता फोन. एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर ड्युटी लागते, तेही डोक्यात ठेवा.

दुबईला खसखस नाही म्हणजे नाही. तिकडं ती अमली पदार्थात धरतात. आईनं घरी कुटलेल्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते आणि दिवाळीच्या अनारशावर तर वरनंच लावलेली. हे सांगितलं की बायका माझ्याकडे असं बघतात जसा काय मीच कायदा केलाय.

देवघर

आजीचं देवघर न्यायची इच्छा मला कळते. पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची मूर्ती, समई, टाक हे पुरावस्तूत येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखित पोथीला ७५ वर्षं. कौतुकानं यादीत 'पणजोबांची मूर्ती, १२५ वर्षं जुनी' लिहिणारे महाभाग मी बघितलेत. जुनी दिसते पण तेवढी नाही अशी वस्तू असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं सर्टिफिकेट मिळतं, त्याला वेळ लागतो, जायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे येऊ नका. खरंच शंभरीची असेल तर भावाच्या घरी ठेवा. कृष्णामागचं मोरपीसही काढून ठेवा, त्याच्या निर्यातीला बंदी आहे.

उरलेलं पटापट

नाव पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण. बिल ऑफ लेडिंगवर (बोटवाल्याकडची मालाची पावती) 'आर. एस. पाटील' लिहिलं तर सांगली जिल्ह्यातले निम्मे लोक हक्क सांगतील. लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

स्वतःच्या वापराचं सामान पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नंबर, लागत नाही. त्याचे पैसे कोणी मागितले तर एजंट बदला.

सोनं कंटेनरमध्ये नाही.

आयुर्वेदिक पुड्या, भस्मं, लेबल नसलेल्या गोळ्या नाहीत.

सामान माणसाच्या आधी पोचवू नका, क्लिअर करायला तुम्ही तिथं लागता आणि तोवर पोर्टचं मीटर पळत असतं.

आणि फाईल. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स, यादीची सही केलेली मूळ प्रत, बिलं, फोटो हे सगळं केबिन बॅगेत, हाताशी. हे सांगावं लागतंय कारण गेल्या वर्षी एका इंजिनिअरनं सगळे कागद नीट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, वर स्टिकर लावून, १७ नंबरच्या बॉक्समध्ये ठेवले होते. बॉक्स तेव्हा श्रीलंकेच्या पुढं गेला होता. त्यानं मला विचारलं, "मग आता १७ नंबर तेवढा आधी उघडता येईल का?"